तामागोचीतलं पिल्लू सारखं हाक मारतंय? दटावायची वेळ अशी ओळखा

लक्षण असं असतं. तामागोची, म्हणजे पडद्यावर पिल्लू पाळायचं अंड्याएवढं खेळणं, बीप वाजवतो आणि खालच्या ओळीतलं शेवटचं चिन्ह पेटतं. मूल धावत येतं, मीटर उघडून बघतं, तर भुकेचे दोन हार्ट शिल्लक आणि आनंदाचे तीन शिल्लक. पडद्यावर घाण नाही, आजाराची कवटी नाही. जेवण पुढे केलं तर पिल्लू मान हलवतं. खेळायला घेतलं तरी मान हलवतं. मूल रडकुंडीला येतं, ‘ह्याला झालंय तरी काय?’ थोड्या वेळानं चिन्ह आपोआप विझतं आणि पुढे कधीतरी पुन्हा तोच प्रकार. शिस्तीची पट्टी मात्र आहे तिथेच.

पिल्लू आजारी नाही, खेळणं बिघडलेलं नाही. ती दटावायची, म्हणजे शिस्तीचं चिन्ह दाबायची, वेळ होती आणि ती निघून गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सोबत नातवंडं येतात, आणि हल्ली दोन-चार नातवंडांमागे एकाच्या तरी दप्तराला हे अंड्याच्या आकाराचं खेळणं लटकलेलं असतं. जळगाव, भुसावळ, पाचोरा, चोपडा, कुठेही जा, उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरी तीच बीप आणि तोच प्रश्न: रागवायचं कधी? म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी एक खुलासा. हे सगळं मूळ तामागोचीबद्दल आहे. बंदाई कंपनीनं तो २३ नोव्हेंबर १९९६ ला जपानमध्ये आणला आणि पुढच्या वर्षी जगभर नेला. तीन बटणं, काळापांढरा ठिपक्यांचा पडदा, वर चार आणि खाली चार चिन्हं. हल्ली ऑनलाइन मिळणारा ‘ओरिजिनल’ हा त्याचाच नवा अवतार, त्यालाही हेच लागू. २०२१ चा पिक्स किंवा २०२३ चा युनी असे रंगीत पडद्याचे प्रकार वेगळे, त्यांची बटणं आणि वागणूक वेगळी. जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त नकलांबद्दल पुढे लिहिलंय.

हाक कशासाठी येते

आठ चिन्हांपैकी सात आपण निवडतो: जेवण, दिवा, खेळ, औषध, सफाई, मीटर आणि शिस्त. आठवं, म्हणजे खालच्या ओळीतलं शेवटचं, आपल्याला निवडता येत नाही. ते पिल्लूच पेटवतं. तीच त्याची हाक.

आता सगळा प्रश्न ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती सांगते. भुकेसाठी खरी हाक येते ती भुकेचे चारही हार्ट रिकामे झाल्यावरच. एक हार्ट जरी भरलेला असला तरी भुकेसाठी पिल्लू हाक मारत नाही. आनंदाचंही तसंच: चारही रिकामे, तेव्हाच हाक. मुलं इथेच फसतात, आणि मोठी माणसं त्याहून जास्त फसतात. चारातले दोन हार्ट रिकामे दिसले की आपल्याला वाटतं, अर्धपोटी आहे बिचारं, म्हणून बोलावतंय. दोन हार्ट शिल्लक असताना आलेली हाक भुकेची नसतेच. ती उगाचची हाक असते, आणि तिचं उत्तर सातवं चिन्ह, शिस्त.

तिसरी खरी हाक झोपेची. पिल्लू झोपलं, डोक्यावर झेड झेड आलं आणि दिवा चालूच राहिला तर तेही हाक समजायची. दिवा बंद केला की काम झालं. तिथे दटावायचं काही कारण नाही.

म्हणजे रिकामी भूक, रिकामा आनंद आणि झोपेला चालू दिवा, ह्या तिन्हींपैकी काहीच नसताना चिन्ह पेटलं तर दटावा. घाण आणि आजार ह्यांसाठी मात्र चिन्हाच्या भरवशावर राहू नका. ते पडद्यावरच दिसतात: घाणीचा ढीग पिल्लाच्या बाजूला, आजाराची कवटी वरच्या कोपऱ्यात. चिन्ह पेटो न पेटो, ढीग दिसला की साफ करायचा आणि कवटी दिसली की औषध द्यायचं. एका औषधानं कवटी गेली नाही तर दुसऱ्यांदा द्या, बऱ्याचदा दोन लागतात.

तपासायची पद्धत

हाक आली की हात आधी जेवणाकडे जातो. तो आवरा. आधी पडद्याकडे बघा: कवटी आहे का, ढीग आहे का, झोपलंय का. ह्यात काहीच नसेल तर डावं बटण दाबत सहाव्या चिन्हावर या, म्हणजे तराजूसारख्या मीटरवर, आणि मधलं बटण दाबा. पहिल्या पानावर वय आणि वजन दिसेल. मधलं बटण पुन्हा दाबलं की शिस्तीची आडवी पट्टी, पुन्हा दाबलं की भुकेचे चार हार्ट, आणखी एकदा दाबलं की आनंदाचे चार हार्ट. भरीव म्हणजे भरलेला, पोकळ म्हणजे रिकामा.

ह्या दोन पानांवर एकेक तरी भरीव हार्ट आहे का, एवढंच बघायचं. भुकेच्या पानावर एकही भरीव नसेल तर जेवण द्या. आनंदाच्या पानावर एकही नसेल तर खेळा. दोन्हीकडे निदान एकेक भरीव असेल आणि तरी हाकेचं चिन्ह पेटलेलंच असेल, तर उजवं बटण दाबून बाहेर या, सातव्या चिन्हावर जा आणि मधलं बटण दाबा. चिन्ह विझतं. मग मीटर उघडून शिस्तीची पट्टी बघा, एक टप्पा पुढे सरकलेली असेल. मूळ तामागोचीत एका बरोबर दटावण्यानं पट्टी पावभर भरते. चार वेळा बरोबर दटावलं की पूर्ण.

लहान मुलांना हे शिकवताना मी शेवटचं पाऊल त्यांच्याकडूनच करून घेते. पट्टी सरकलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली की पुढच्या वेळी ती विचारायला येत नाहीत.

मान हलवण्याचे तीन अर्थ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

पिल्लू जेवणाला नाही म्हणतं तेव्हा कारण तीनपैकी एक असतं. पहिलं, पोट भरलेलं आहे. भुकेचे चारही हार्ट भरीव असताना जेवण दिलं की ते मान फिरवतं, आणि त्याचं बरोबरच आहे. भरल्या पोटी नाही म्हणणाऱ्याला कुणी रागवत नाही. इथे हाकेचं चिन्हही पेटलेलं नसतं, तेवढं बघितलं तरी पुरे.

दुसरं, आजारी आहे. कवटी असताना ते जेवतही नाही, खेळतही नाही. हा नकार सगळ्यात केविलवाणा वाटतो, कारण हार्ट रिकामे असतात आणि तरी ते काही घेत नाही. मुलं दहादा जेवण पुढे करतात. आधी औषध, मग जेवण, हा क्रम ठेवला की प्रश्न मिटतो. आजाऱ्याला दटावू नका. त्यानं शिस्त वाढत नाही आणि त्या वेळात औषध द्यायचं राहून जातं.

तिसरं, हट्ट. पोट पूर्ण भरलेलं नाही, कवटी नाही, हाकेचं चिन्ह पेटलेलं आहे आणि तरी जेवणाला नाही, खेळालाही नाही. उगाचची हाक चालू असताना पिल्लू असंच वागतं. मीटर बघूनही शंका उरली तर हीच कसोटी वापरा: एकदा जेवण पुढे करा. नाकारलं आणि चिन्ह तसंच पेटलेलं राहिलं, तर दटावा. एकदाच पुढे करायचं. पाच-सहा वेळा मनधरणी करत बसलात तर वेळ हातातून जाते.

भूक रिकामी, कवटी नाही आणि तरी जेवणाला नकार, असंही क्वचित होतं. त्या वेळी आधी दटावा आणि लगेच जेवण द्या. दोन्ही करायचं, आणि ह्याच क्रमानं.

खाऊची सवय

आमच्याकडे रडणाऱ्या पोराच्या हातावर आधी काहीतरी खायला टेकवतात, चौकशी मागाहून. आजीच्या हातात तामागोची गेला की तिथेही तेच होतं. बीप वाजली की आजी म्हणते, ‘त्याले भूक लागनी व्हई, दे त्याले काहीतरी.’ माया खरी आहे आणि मला तिचं मोल कळतं. पण ह्या खेळण्यात त्या मायेचा हिशेब वजनात निघतो.

जेवणाच्या चिन्हाखाली दोन गोष्टी असतात, जेवण आणि खाऊ. जेवणानं भुकेचा एक हार्ट भरतो आणि वजन एकानं वाढतं. खाऊनं आनंदाचा एक हार्ट भरतो आणि वजन दोनानं वाढतं. खेळानंही आनंदाचा हार्ट भरतो, पण वजन उलट एकानं उतरतं. पिल्लू डावीकडे बघणार की उजवीकडे हे ओळखायचा तो खेळ आहे, पाच फेऱ्यांतल्या तीन बरोबर आल्या की जिंकलं. त्यात वेळ जातो आणि हरायचीही शक्यता असते, म्हणून मुलं कंटाळून खाऊकडे वळतात. मीटरच्या पहिल्या पानावर वजन फुगत चाललेलं दिसलं तर समजा, कुणीतरी प्रत्येक बीपला खाऊ देतंय. घरात कोण देतंय ते शोधायची गरज नाही, सगळ्यांनाच एकदा वरची पद्धत दाखवा.

खाऊ पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. आनंद पार रिकामा आहे आणि मुलाला शाळेत निघायचंय, अशा वेळी एक खाऊ देऊन निघणं शहाणपणाचं आहे. हाक थांबवायचं साधन म्हणून तो वापरू नका, एवढंच.

पंधरा मिनिटं

हाक आली की उत्तर द्यायला साधारण पंधरा मिनिटं मिळतात. खऱ्या हाकेला तेवढ्यात उत्तर मिळालं नाही तर ती सांभाळातली चूक म्हणून आत कुठेतरी नोंदली जाते. पडद्यावर तिचा आकडा दिसत नाही. उगाचच्या हाकेला उत्तर मिळालं नाही तर चिन्ह विझतं आणि दटावायची संधी जाते. ह्या संधी मागून मिळत नाहीत. पिल्लू देईल तेव्हाच घ्यायच्या.

शिस्तीची पट्टी रिकामी राहण्याचं पहिलं कारण हेच. दुसरं कारण, मुलं हाक नसतानाच सातवं चिन्ह दाबत बसतात, ‘चार वेळा दाबलं की पट्टी भरते’ असं कुणाकडून तरी अर्धवट ऐकून. हाक नसताना दटावून पट्टी सरकत नाही. एकाच हाकेला दोनदा दटावूनही दोन टप्पे मिळत नाहीत. तिसरं कारण म्हणजे आवाज. डावं आणि उजवं बटण एकत्र दाबलं की आवाज बंद होतो. दुपारच्या झोपेत बीप नको म्हणून घरातलं कुणीतरी तो बंद करतं आणि पुन्हा चालू करायचं राहून जातं. चिन्ह पेटतं, पण बघायला कुणी नसतं. पट्टी सरकत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी सगळ्यात आधी आवाज चालू आहे का ते बघते.

शाळेच्या वेळेचं काय? मूळ तामागोचीत थांबवण्याचं वेगळं बटण नाही. तरी एक सोय आहे. मुख्य पडद्यावर मधलं बटण दाबलं की घड्याळ दिसतं. तिथे डावं आणि उजवं बटण एकत्र दाबलं की वेळ लावायचा पडदा येतो. त्या पडद्यावर असेपर्यंत पिल्लाचा वेळ थांबलेला राहतो. शाळेतून आल्यावर बरोबर वेळ लावायची आणि बाहेर यायचं. वेळ लावायला विसरलात तर पिल्लाची रात्र आणि आपली रात्र ह्यांची फारकत होते, त्याबद्दल पुढे सांगतेच. हे खेळणं वर्गात नेऊ देऊ नका. १९९७ मध्ये देशोदेशींच्या शाळांनी त्यावर बंदी घातली होती आणि त्याचं कारण ह्या पंधरा मिनिटांतच आहे: बीप वाजली की मुलाचं लक्ष फळ्यावर राहणं शक्यच नसतं. त्याच वर्षी अमेरिकेत गमतीशीर संशोधनासाठी दिला जाणारा इग नोबेल पुरस्कार तामागोचीच्या दोन जनकांना, अकिहिरो योकोई आणि अकी माइता ह्यांना, अर्थशास्त्रात मिळाला होता. लाखो लोकांचे कामाचे तास आभासी प्राणी पाळण्यात वळवल्याबद्दल.

आजीकडे सोपवून जायचं असेल तर तिला सगळी चिन्हं शिकवत बसू नका. मीटरची शेवटची दोन पानं दाखवा आणि एवढंच सांगा: एखादा तरी काळा हार्ट दिसतोय आणि तरी वाजतंय, तर सातवं दाब. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे जमतं, कारण इथे वाचायचं काही नाही, बघायचं आहे.

दिवसा झोपतं, रात्री हाका मारतं

ही तक्रार दटावण्याची नाही, पण मुलं ती हट्ट समजून दटावत बसतात म्हणून इथे घेतली. पिल्लू वाढीच्या टप्प्याप्रमाणे रात्री आठ ते अकराच्या दरम्यान झोपतं आणि सकाळी नऊनंतर उठतं. भर दुपारी झेड झेड दिसत असेल तर घड्याळ उघडून एएम आणि पीएम बघा. बहुतेक वेळा तीच अदलाबदल निघते. बरोबर करा, प्रश्न संपला. झोपेतल्या पिल्लाला दटावण्यात काही अर्थ नाही.

अंड्यातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या तासाभरातही दटावण्याची घाई करू नका. त्या वेळी हार्ट भराभर रिकामे होतात, तेव्हाच्या हाका खऱ्या असतात. जेवण, खेळ, जेवण, खेळ एवढंच चालू ठेवा. तासाभरानं ते मारुत्ची होतं, गोल डोक्याचं, आणि उगाचच्या हाका तिथून पुढे.

एवढं करून मिळतं काय

पिल्लू पुढे कोण होणार ते दोन गोष्टींवर ठरतं: सांभाळातल्या चुका किती आणि शिस्त किती. मारुत्चीचं पुढे तामात्ची होतं नाहीतर कुचितामात्ची. चुका कमी तर तामात्ची. तामात्चीपासून, चुका कमी आणि शिस्त पूर्ण असेल, तर मामेत्ची होतं, कान असलेलं, सगळ्या मुलांना हवं असलेलं. चुका तेवढ्याच कमी पण दटावायची वेळ चुकलेली असेल तर गिंजिरोत्ची, आणि बऱ्याच वेळा चुकलेली असेल तर मास्कुत्ची. म्हणजे जेवणखाण अगदी वेळेवर करणाऱ्या मुलालाही मामेत्ची मिळत नाही, केवळ दटावलं नाही म्हणून. ‘मी तर कध्धी उपाशी ठेवलं नाही!’ असं म्हणत रडणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं म्हणणं खरंच असतं.

इथे माझं एक मत आहे आणि ते मी ठासून सांगते. जी मुलं दटावायला कचरतात त्यांना हसू नका. पडद्यावर पिल्लाचा चेहरा पडतो, त्यांना वाईट वाटतं. ‘खोटं तर आहे, दाब की’ असं म्हटल्यानं त्यांचा हात चालत नाही. ‘आधी नीट बघ, त्याला खरंच काही हवंय का. काही नको असेल तरच दाब,’ असं सांगितलं की चालतो. कारण मग ते रागवणं आंधळं राहत नाही, मुलानं आधी चौकशी केलेली असते. उलट काही मुलं प्रत्येक बीपला दटावत सुटतात. त्यांच्याकडून महिनाभर घोकून घेतलं तरी उपयोग होत नाही, पण एकदा रिकामे हार्ट आणि त्यावर मारलेली खरी हाक शेजारी बसून दाखवली की त्यांचा हात थांबतो. दोन्ही प्रकारच्या मुलांना शिकवायचं एकच आहे: आधी मीटर.

जत्रेतले स्वस्त तामागोची

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो तसे खेळण्यांचे स्टॉलही लागतात, आणि तिथे किंवा कुठल्याही मोठ्या यात्रेत ‘१६८ इन १’ असं लिहिलेली अंडी मिळतात. ती बंदाईची नाहीत. आत कुत्रा, मांजर, डायनासोर असे कितीतरी प्राणी असतात आणि चिन्हांचा क्रम ज्याचा त्याचा. काहींत शिस्तीचं चिन्हच नसतं. काहींत असतं, पण दाबल्यावर फक्त चित्र हलतं.

अशा खेळण्यात वरचे नियम चालतात का हे बघायचा सोपा मार्ग आहे. भूक आणि आनंद दोन्ही भरून ठेवा आणि हाकेची वाट बघा. भरल्या पोटी हाक आलीच तर शिस्तीचं चिन्ह दाबा आणि मीटर उघडा. काही सरकलं तर नियम चालतात. काहीच सरकलं नाही तर त्या खेळण्यात शिस्त नाही असं धरून चाला आणि फक्त जेवण, सफाई, झोप एवढं बघा. मुलाला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर ते बिचारं मामेत्चीची वाट बघत राहतं, जो त्या खेळण्यात कधी येणारच नाही.

पडदा काळा पडला, चिन्हं सगळीच पेटली

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात खेळणं गच्चीवर, मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा गाडीच्या काचेपाशी राहिलं की एलसीडी पडदा काळवंडतो. सगळी चिन्हं एकदम पेटल्यासारखी दिसतात. मूल समजतं, एकाच वेळी भूक, आजार, हाक, सगळंच आलं. तसं काही नसतं. खेळणं सावलीत, माठाच्या जवळ नको पण थंड खोलीत ठेवा. तापमान उतरलं की पडदा बहुतेक वेळा पूर्ववत होतो. फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि मग ते खरंच बिघडतं. पडदा वाचता येईपर्यंत काही दाबूही नका, कारण कुठलं चिन्ह निवडलंय तेच कळत नसतं.

याउलट पडदा फिकट होत चालला, बीप बारीक येऊ लागली, तर सेल संपत आलाय. जुन्या तामागोचीत एलआर४४ चे दोन सेल असतात, नव्या ओरिजिनलमध्ये सीआर२०३२ चा एक. घड्याळवाल्याकडे दोन्ही मिळतात आणि मागचा बारीक स्क्रू उघडायला लागणारा पेचकसही त्याच्याकडेच असतो, त्यालाच बदलून द्यायला सांगा. घरी बदलत असाल तर काढलेला सेल लगेच उचलून ठेवा. असा सेल लहान मुलानं गिळला तर अन्ननलिका भाजून निघते, तासा-दोन तासांत. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट दवाखान्यात न्या.

सेल बदलला की जुन्या तामागोचीतलं पिल्लू राहत नाही, नवं अंडं येतं. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, सेल काढल्यानंतर नको. नव्या अंड्याला घड्याळ लावा, एएम-पीएम दोनदा बघा. पाच मिनिटांत ते फुटतं.